थकलेल्या पायांचा सोबती



गुडघेदुखीसाठी दवाखान्यात आलेली वयस्कर मंडळी औषधाची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवतात, निघता निघता दाराशी थांबतात आणि विचारतात, "डॉक्टरसाहेब, आमच्या कुत्र्यालाही आताशा उठवत नाही. माझ्याच गोळीतली अर्धी त्याला दिली तर चालेल का?" हा प्रश्न इतक्या वेळा कानी येतो की त्याचे उत्तर या स्तंभातून एकदा सविस्तर द्यावे असे वाटले. थोडक्यात उत्तर असे: देऊ नये, अर्धीही देऊ नये. मात्र आपल्या गुडघ्यासाठी गोळीखेरीज जे सांगितले जाते, म्हणजे वजन आटोक्यात ठेवणे, रोज थोडे चालणे, स्नायू बळकट करणे आणि घसरत्या फरशीपासून जपणे, ते बहुतेक सारे कुत्र्यालाही लागू पडते. आपण त्याला नेमके उलटे देतो. गोळी देतो आणि व्यायाम काढून घेतो.

मी माणसांचा डॉक्टर आहे. कुत्र्याचे निदान आणि औषध हे पशुवैद्यकाचे काम. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने ते नोंदणीकृत पशुवैद्यकाकडे सोपवले आहे. परंतु निदान झाल्यानंतरचे महिने आणि वर्षे हे जनावर घरातच असते, आणि त्याची शुश्रूषा बहुधा घरातील सर्वांत वयस्कर माणसाकडे येते. हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या कितीतरी घरांत हेच चित्र दिसते. मुलाने हौसेने लॅब्रेडॉरचे पिल्लू आणले, पुढे नोकरीसाठी मुलगा पुण्याला गेला. पिल्लू मोठे झाले, म्हातारे झाले, आणि आता आजी-आजोबा व तो कुत्रा एकमेकांना सांभाळत आहेत. हा लेख त्या घरांसाठी आहे.

सांध्यात काय बिघडते

कुत्र्याचा सांधा आपल्या सांध्यासारखाच असतो. दोन हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण, भोवती पिशवीसारखे अस्तर आणि आत वंगणासारखा द्रव. वय, अतिरिक्त वजन, जुनी दुखापत किंवा जन्मजात बेढब सांधा यांमुळे कूर्चा झिजते, अस्तराला सूज येते आणि हालचाल दुखरी होते. दुखते म्हणून कुत्रा हलत नाही. हलत नाही म्हणून मांडीचे स्नायू वाळतात. स्नायू वाळले की सांध्याचा आधार जातो आणि तो अधिक दुखतो. हे चक्र तोडणे म्हणजेच पुनर्वसन.

आपल्याकडील सडपातळ गावठी कुत्र्यांत किंवा शिकारीसाठी नावाजलेल्या कारवानी जातीत हा त्रास तुलनेने कमी आढळतो. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड अशा भारी बांध्याच्या जातींत मात्र खुब्याचा सांधा मुळातच सैल बसलेला असण्याची प्रवृत्ती असते. अशा कुत्र्याला सात-आठ वर्षांतच म्हातारपण गाठते. कधी गुडघ्यातील अस्थिबंध तुटतो, कधी कोपराचा सांधा झिजतो.

एक गैरसमज येथेच दूर करावा. कुत्र्याच्या मागच्या पायात उलटा वाकलेला जो सांधा दिसतो, तो गुडघा नसून घोटा असतो. कुत्रा बोटांवर चालतो, म्हणून घोटा उंचावर असतो. त्याचा खरा गुडघा त्याहून वर, पोटाच्या जवळ आणि आपल्यासारखाच पुढे वाकणारा. शेक देताना हात योग्य ठिकाणी पडावा म्हणून हे ठाऊक असलेले बरे. आणखी एक गोष्ट: उभ्या कुत्र्याच्या शरीराचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो आणि ४० टक्के मागच्यांवर. मागचे पाय दुखू लागले की तो आणखी भार पुढे ढकलतो. म्हणूनच मागच्या पायाच्या दुखण्यात कालांतराने खांदे आणि पाठही आखडतात.

दुखणे कसे ओळखावे

पाय दुखतो म्हणून कुत्रा सतत विव्हळेल अशी अपेक्षा धरू नये. जुनाट वेदना तो मुकाट्याने सोसतो, आपण म्हणतो, "वय झाले त्याचे." पुढील खुणांकडे लक्ष द्यावे. सकाळी उठताना तो पुढच्या पायांवर अंग ओढतो का? जिन्याच्या पहिल्या पायरीशी घुटमळतो का? धावताना दोन्ही मागचे पाय सशासारखे एकदम उचलतो का? एकच सांधा वारंवार चाटतो का? एका मांडीपेक्षा दुसरी बारीक दिसते का? अंगाला हात लावताच पूर्वी न गुरगुरणारा कुत्रा आता गुरगुरतो का?

पुढचा पाय लंगडत असेल तर डोक्याकडे पाहावे. दुखरा पाय जमिनीला टेकताना कुत्रा डोके वर उचलतो, चांगला पाय टेकताना डोके खाली येते. घरातल्या कुणाकडून मोबाइलवर चालण्याचे एक मिनिटाचे चित्रण करून घ्यावे. दवाखान्यात भेदरलेला कुत्रा लंगडणे विसरतो. तेथे हे चित्रण पशुवैद्यकाच्या फार उपयोगी पडते.

प्रत्येक लंगडणे म्हणजे सांध्याची झीज नसते. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात सांधे सुजतात. आज हा पाय, उद्या तो, असे लंगडणे दिसते. पाय एकाएकी उचलून धरला असेल तर हाड मोडलेले किंवा अस्थिबंध तुटलेला असू शकतो. मागचे दोन्ही पाय काही तासांत लुळे पडले तर मणक्यातील चकती सरकल्याची शक्यता असते आणि तेथे उशीर परवडत नाही.

आणि एक गंभीर सूचना. रेबीजचे सर्वच कुत्रे पिसाळून धावत नाहीत. काहींमध्ये हा रोग अर्धांगासारखा येतो: मागचे पाय लटपटतात, जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो, पाणी गिळता येत नाही. लस न घेतलेल्या कुत्र्यात अशी चिन्हे दिसली तर घशात हाड अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नये. त्याला एकटे ठेवून पशुवैद्यकाला बोलवावे. लाळेचा संपर्क आलेल्या घरातील प्रत्येकाने त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे.

निदानासाठी प्रथम तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना. क्ष-किरण किंवा शस्त्रक्रियेची गरज भासली तर आपल्याला जवळचे मोठे ठिकाण म्हणजे परभणीचे पशुवैद्यकीय व पशुविज्ञान महाविद्यालय. ते नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे घटक महाविद्यालय आहे. जाण्यापूर्वी तालुक्याच्या पशुवैद्यकाची चिठ्ठी घ्यावी आणि तपासणीची वेळ विचारून घ्यावी.

औषधाचा डबा दूर ठेवा

आपल्या घरातील औषधाच्या डब्यात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल यांपैकी काहीतरी असतेच. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलची मात्रा थोडी चुकली तरी यकृताला इजा पोहोचते. मांजरासाठी तर त्याची एक गोळीही जीवघेणी ठरू शकते. गोळी दिल्यावर कुत्रा तासाभरात चालू लागला म्हणून ती मानवली असे समजू नये. जठरातील व्रण दिसत नाही. काळसर, डांबरासारखी शी आणि कॉफीच्या गाळासारखी उलटी दिसते तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो.

"पण पशुवैद्यकाने लिहिलेले औषध आणि माझे औषध यांचे नाव एकच आहे," असेही कोणी म्हणतात. मेलॉक्सिकॅमचे उदाहरण घ्या. माणसाची गोळी ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची असते. १५ किलोच्या कुत्र्याला रोजची मात्रा साधारण दीड मिलिग्रॅम पुरते. म्हणजे आपली लहानातली लहान गोळीही त्याला पाचपट झाली. हा हिशेब गोळी घरी तोडण्यासाठी दिलेला नाही. कुत्र्याचे मूत्रपिंड, यकृत आणि सोबतची औषधे पाहून मात्रा पशुवैद्यकानेच ठरवायची असते. स्टेरॉइड चालू असताना त्यात अशी वेदनाशामके मिसळली तर धोका कितीतरी वाढतो.

एका प्राण्याचे औषध दुसऱ्याचे विष कसे ठरते, याचा धडा आपल्या देशाने मोठी किंमत देऊन घेतला आहे. गुराढोरांना दिलेले डायक्लोफेनॅक त्यांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात गेले आणि मूत्रपिंडे निकामी होऊन गिधाडे प्रचंड संख्येने मेली. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तोवर गावकुसाबाहेरचे गिधाडांचे थवे आठवणीत जमा झाले होते.

गोळीइतकेच मलमाला जपावे. गुडघ्याला चोळायचे बाम, वेदनाशामक जेल, कापूर किंवा निलगिरीचे तेल कुत्र्याच्या पायाला लावले की तो ते चाटून पोटात घेतो. लसूण घालून कढवलेले तेलही नको. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. आपला जिल्हा हळदीचा, त्यामुळे हळदीचा लेप आणि हळद-दूध यांचा आग्रह घरोघरी होतो. हळदीतील गुणकारी घटक पोटातून रक्तात फार थोडा शोषला जातो. लेपाने झिजलेली कूर्चा भरून येत नाही. वसमतची हळद भाजीत शोभते. सांध्यासाठी तिच्यावर विसंबून दिवस घालवू नयेत.

तुपाची वाटी

संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी आपल्याच जिल्ह्यात. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा कोरडी पोळी त्याच्या घशाला टोचेल म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावलेले नामदेव आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या कथेतले कुत्रे भुकेले होते आणि पळू शकत होते. आपल्या ओसरीवरचे कुत्रे दिवसातून चार वेळा जेवते आणि पळू शकत नाही. त्याच्यासाठी दया म्हणजे तुपाची वाटी आवरती घेणे.

वजनाचे महत्त्व दाखवणारा एक प्रयोग अमेरिकेत झाला. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. ४८ लॅब्रेडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न, तेही जन्मभर. कमी खाणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे भरले, दुसऱ्यांचे ११.२ वर्षे. सांधेदुखीसाठी औषधाची गरजही कमी खाणाऱ्यांना पुष्कळ उशिरा लागली. सुमारे पावणेदोन वर्षांचे अधिक आयुष्य कोणत्याही गोळीने मिळालेले नव्हते.

घरी तपासायची रीत सोपी आहे. बरगड्यांवरून तळहात फिरवावा. फारसे न दाबता बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, वरून पाहताना कमरेशी किंचित आत वळलेली रेषा दिसली पाहिजे. तशी नसेल तर जेवणाचे माप ठरवावे. एकच वाटी, दोनच वेळा, आणि वाढणारे माणूस एकच. बिस्किटे, भजी, दुधात कुस्करलेली साखर-पोळी बंद. लाड करावेसे वाटले तर काकडीची किंवा गाजराची फोड द्यावी. द्राक्षे आणि मनुके मात्र कधीही देऊ नयेत. ते कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात. उपासमारही नको, वजन हळूहळू, पशुवैद्यकाला विचारूनच उतरवावे.

घरातील बदल

शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा खरबरीत शहाबादी फरशीवर कुत्र्याचे पाय घट्ट रोवतात. नव्या घरातील चकचकीत फरशीवर ते चौफेर फाकतात आणि आधीच दुखरा सांधा ताणला जातो. पाण्याच्या भांड्यापासून झोपण्याच्या जागेपर्यंत आणि तेथून दारापर्यंत सतरंजीच्या किंवा रबरी पायपोसाच्या पट्ट्या अंथराव्यात. त्यांची टोके उचललेली नसावीत, नाहीतर घरातील माणूसच अडखळेल. वाढलेली नखे फरशीवर टकटक वाजतात. अशा नखांनी पंजा वाकडा टेकतो, म्हणून ती नियमित कापून घ्यावीत. तळव्यांमधले केसही कातरावेत.

झोपण्यासाठी जाड गादी हवी. दोन गोधड्यांमध्ये जुने बारदान घालून शिवलेली गादीही चालते. पौष-माघाच्या थंडीत उघड्या फरशीवर झोपलेल्या कुत्र्याचे सांधे सकाळी आखडलेले असतात. जेवणाचे आणि पाण्याचे भांडे छातीच्या उंचीच्या पाटावर ठेवले तर मान आणि पुढचे पाय यांवरचा ताण कमी होतो. ओट्याच्या दोन पायऱ्यांवर रुंद, खरबरीत फळीचा उतार करून द्यावा. जिन्याला मात्र आडवी फळी लावून वाट बंद करावी.

रोजचा व्यायाम

तपासणी होऊन पशुवैद्यकाने संमती दिल्यावरच पुढील क्रम सुरू करावा. मोडलेले हाड, ताजी शस्त्रक्रिया, ताप किंवा लालसर गरम सूज असेल तर यातले काहीही परस्पर करू नये.

आरंभी शेक. जुनाट आखडलेल्या सांध्याला कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याचा दहा मिनिटे शेक द्यावा. ऊब आपल्या मनगटाच्या आतील बाजूस तपासावी. मधुमेहामुळे ज्यांच्या हातांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावे. नव्या दुखापतीला पहिले दोन-तीन दिवस शेक वर्ज्य. तेथे फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरावा. शेकानंतर मांडीचे आणि खांद्याचे स्नायू तळहाताने पाचेक मिनिटे, खालून वर, हलकेच चोळावेत. तेलाची गरज नाही.

मग सांध्याची हालचाल. कुत्र्याला कुशीवर निजवावे. एक हात सांध्याच्या वर, दुसरा खाली. पाय अगदी सावकाश दुमडावा आणि सावकाश सरळ करावा. एका सांध्याला दहा वेळा, दिवसातून दोनदा. कुत्र्याने मान वळवली, अंग ताठ केले, ओठ चाटले किंवा श्वास रोखला की तो "पुरे" म्हणतो आहे. तेथेच थांबावे, जोर लावून सांधा मोकळा होत नसतो.

तिसरा व्यायाम उठ-बस. कुत्र्याला भिंतीलगत उभे करावे, म्हणजे पाय बाहेर फाकणार नाही. "बस" म्हणावे, मग उठवावे. आरंभी पाच वेळा, पुढे दहा. गुडघ्यासाठी खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा जो व्यायाम आपल्याला सांगितला जातो, त्याचाच हा भाऊ. ज्यांना तो सांगितला आहे त्यांनी कुत्र्याबरोबरच करावा. दोघांचाही चुकणार नाही. त्यानंतर सतरंजीवर उभ्या असलेल्या कुत्र्याला कमरेशी हलकेच डावीकडे, मग उजवीकडे रेलवावे. तोल सावरताना वाळलेले स्नायू कामाला लागतात. तो पुरेसा सुधारला की अंगणात चार वेळूच्या काठ्या, कुत्र्याच्या लांबीइतके अंतर सोडून, जमिनीवर आडव्या ठेवाव्यात आणि त्या ओलांडत हळू चालवावे.

शेवटी फिरणे. एकदाच अर्धा तास चालवण्यापेक्षा पाच-पाच मिनिटे तीनदा चालवणे चांगले. चाल मंद हवी. वेगात कुत्रा दुखरा पाय अधांतरी ठेवून तीन पायांवर निभावून नेतो. मंद चालीत त्याला चारही पाय टेकावे लागतात. दर आठवड्याला मिनिट-दोन मिनिटे वाढवावीत. माप एकच: दुसऱ्या दिवशी सकाळी तो अधिक आखडलेला दिसला तर आदल्या दिवशी जास्त झाले, पुढचे दोन दिवस निम्मे करावे. चैत्र-वैशाखात आपल्याकडे सकाळी उजाडताच आणि रात्री रस्ता निवल्यावरच बाहेर न्यावे. डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता आली नाही तर कुत्र्याचे तळवेही तेथे पोळतील. कुत्रा मुख्यत्वे धापा टाकून अंग थंड करतो, म्हणून उन्हाच्या वेळी जीभ लोंबकळू लागली की व्यायाम संपला.

मोठ्या शहरांतील काही श्वानचिकित्सालयांत पाण्यातील चालपट्टा असतो. त्यामागचे तत्त्व विहिरीत पोहलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे: पाणी भार उचलते. पाणी घोट्यापर्यंत असेल तर पायांवर शरीराचा सुमारे ९१ टक्के भार राहतो, गुडघ्यापर्यंत ८५ टक्के, आणि खुब्यापर्यंत पोहोचले की जेमतेम ३८ टक्के. म्हणून दुखरा कुत्राही पाण्यात नीट पावले टाकतो. हे वाचून कोणी कुत्र्याला पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यात किंवा शेततळ्यात उतरवू नये. तेथे धार असते, काठ निसरडे असतात, आणि बुडत्या कुत्र्यामागे माणूस उडी घेतो.

सांभाळणाऱ्याची काळजी

कुत्र्याचा सांधा सांभाळताना आपले हाड मोडणे ही माझ्या दृष्टीने या विषयातली सर्वांत मोठी भीती. पट्टा मनगटाला गुंडाळू नये. कुत्र्याने हिसका दिला की खुब्याचे हाड मोडते. एका हातात काठी असेल तर दुसऱ्या हातात ओढणारा कुत्रा नको. रात्री लघवीला उठणाऱ्यांच्या वाटेवर कुत्र्याची गादी नको आणि तेथे छोटा दिवा असावा.

हाडे ठिसूळ असलेल्यांनी, हर्निया असलेल्यांनी आणि नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनी कुत्र्याला उचलूच नये. जुन्या साडीची चारपदरी, वीतभर रुंद पट्टी त्याच्या पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढून घ्यावी आणि दोन्ही टोके वर धरून त्याला उठायला आधार द्यावा. भार त्यानेच घ्यायचा, आपण फक्त तोल सांभाळायचा. नर कुत्र्याच्या मूत्रमार्गावर पट्टी दाबली जाणार नाही हे पाहावे.

वेदनेतला कुत्रा धन्यालाही चावतो. त्यात त्याचा दोष नसतो. त्याची रेबीजची लस दरवर्षी वेळेवर व्हावी. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काही लावू नये आणि थेट सरकारी रुग्णालयात जावे. कुत्रा घरचाच आहे, लस घेतलेला आहे, हा निर्णय आपण करायचा नसतो. रक्त पातळ करणारी गोळी किंवा मधुमेह असणाऱ्यांनी लहान ओरखडाही दाखवावा.

उमेद आणि मर्यादा

झिजलेला सांधा नवा होत नाही, हे आपल्या गुडघ्याइतकेच त्याच्या खुब्यालाही खरे. आपण साधतो ते एवढेच: कमी वेदना, बळकट स्नायू आणि आपल्या पायांनी अंगणापर्यंत जाणे. यासाठी सहा ते आठ आठवडे नियम पाळावा लागतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज एक खूण करावी: आपणहून उठला तर बरोबर, आधाराने उठला तर फुली. महिन्याच्या शेवटी ते पान पशुवैद्यकाला दाखवावे.

उठणे पूर्णपणे थांबले तर त्याला दर चार तासांनी कूस बदलून द्यावी, अंग कोरडे ठेवावे, लघवी होते की नाही पाहावे. मागचे पाय गेले तरी पुढचे शाबूत असलेल्या कुत्र्यांसाठी दोन चाकांची गाडी बनवता येते आणि काही जण तीवर आनंदाने फिरतात. परंतु दिनदर्शिकेवर वाईट दिवस चांगल्यांपेक्षा जास्त होऊ लागले, खाणे सुटले, वेदना औषधालाही आवरेना, तर पशुवैद्यकाशी शांत मृत्यूविषयी बोलण्यात क्रौर्य नाही. हा निर्णय एकट्या आजोबांवर सोपवू नये. पुण्याच्या मुलाने त्या दिवशी फोनवर तरी असावे, शक्य तर घरी यावे. कुत्रा आणला त्याने होता.

आज संध्याकाळपुरत्या तीन गोष्टी कराव्यात. औषधाचा डबा आणि बामची डबी कपाटात बंद करावी. कुत्र्याच्या बरगड्यांवरून एकदा हात फिरवावा. आणि त्याच्या गादीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत एक जुनी सतरंजी अंथरावी. उद्या सकाळी तो उठताना पाय घसरत नाही एवढे जरी दिसले, तरी सुरुवात झाली.